हरवलेलं स्मार्टवॉच फोनवरून खरंच सापडतं का? घरातल्या दोन घड्याळांचा अनुभव

आमच्या घरात दोन स्मार्टवॉच आहेत. माझं ॲपल वॉच एसई, फक्त जीपीएसवालं, म्हणजे त्यात स्वतःचं सिम चालत नाही. दुसरं आण्णांचं, एका देशी कंपनीचं, दोन-अडीच हजारांच्या आतलं, त्यांच्या ॲण्ड्रॉइड फोनला जोडलेलं. दोन्ही उन्हाळ्यात घेतली आणि आता थंडी सुरू झाली आहे. झोप, पावलं, ठोके यांवर सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून ते मी सोडून देते. घड्याळ हरवलं किंवा चोरीला गेलं तर फोन ते कितपत शोधून देतो, एवढंच इथे लिहिते. घेण्याआधी मी नेमकं हेच शोधत होते आणि धड कुठे मिळालं नव्हतं.

बायपासनंतर आण्णा रोज आमच्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फेरी मारतात आणि घड्याळातले आकडे डॉक्टरांना दाखवतात. त्यामुळे आमच्यासाठी ते दोन हजारांचं घड्याळ किमतीपेक्षा मोठं आहे.

आधी मुद्द्याचं. फोनला घड्याळ दिसत नसतं. घड्याळाशी त्याची शेवटची गाठ कुठे पडली, एवढंच त्याला माहीत असतं. नकाशावरचा ठिपका बघून लोक थेट त्या जागी धावतात आणि घड्याळ नाही मिळालं की 'ॲप खोटं आहे' म्हणतात. ॲप खोटं नसतं. तो ठिपका आत्ताचा आहे की दोन तासांपूर्वीचा, हे शेजारी लिहिलेलं असतं आणि घाईत ते वाचलं जात नाही. ठिपक्याखालची वेळ आधी वाचा, मग चप्पल घाला.

घरातल्या घरात शोधायला माझं घड्याळ उत्तम. आयओएस १७ पासून आयफोनच्या कंट्रोल सेंटरमध्ये घड्याळाला पिंग करायचं बटण ठेवता येतं. दाबलं की घड्याळ वाजतं. उशीखाली, ओट्यावर, बाथरूममधल्या कप्प्यावर, कुठेही असो, मिनिटाच्या आत हाती लागतं. हरवलेली उपकरणं शोधायच्या ॲपलच्या 'फाइंड माय' ॲपमधूनही आवाज देता येतो, आणि तो घड्याळावर जाऊन बंद करेपर्यंत चालू राहतो. उलटंही आहेच: घड्याळातून फोन वाजवता येतो, आणि ते चिन्ह दाबून धरलं तर फोनचा दिवाही चमकतो. रात्री वीज गेलेली असताना हे फार उपयोगी पडलंय.

आण्णांच्या घड्याळाला ॲपमध्ये 'घड्याळ शोधा' असं बटण आहे, पण त्याने घड्याळ फक्त थरथरतं. लाकडी टेबलावर असेल तर घरघर ऐकू येते. गादीवर, कपड्यांच्या ढिगात, आईच्या शालीत असेल तर काहीच नाही. यावर माझ्या भावाने एक युक्ती काढली. ज्या घड्याळातून फोनवर बोलता येतं, त्याला छोटा स्पीकर असतो, आणि अशी बरीच घड्याळं फोनच्या ब्लूटूथ यादीत वेगळं ऑडिओ उपकरण म्हणून जोडलेली असतात. तिथे ते जोडलेलं दिसत असेल तर फोनवर एखादं गाणं लावायचं आणि आवाज पूर्ण वाढवायचा. गाणं घड्याळातून वाजायला लागतं. आमच्याकडे हे दर वेळी चाललंय.

आता ब्लूटूथच्या पल्ल्याबद्दल. डब्यावर दहा मीटर लिहिलेलं असतं, आणि मोकळ्या पटांगणात तेवढा मिळतोही. पण आमचं घर मंगळवार पेठेतलं जुनं, दगडी भिंतींचं. माजघरातून परसापर्यंत पोहोचता पोहोचता जोडणी तुटते. लोखंडी कपाट हा तर मोठाच शत्रू. मी शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीच्या हिशेबखात्यात काम करते. तिथे लोखंडी कपाटाचं दार लावलं की दोन हातांवरच्या फोनलाही आतलं घड्याळ सापडत नाही. म्हणून 'जोडलेलं नाही' असं दिसलं की घड्याळ लांब गेलंय असं लगेच धरू नका. कपाटं, पत्र्याच्या पेट्या, तिजोरीसुद्धा उघडून पाहा.

एकदा आण्णांचं घड्याळ घरातच पण कुठेतरी भलतीकडे होतं आणि ॲपला सापडत नव्हतं. तेव्हा मी ब्लूटूथ स्कॅनरचं ॲप वापरलं. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टर कंपनीचं 'एनआरएफ कनेक्ट' हे ॲप मोफत आहे. आसपासची ब्लूटूथ उपकरणं आणि प्रत्येकाच्या सिग्नलची ताकद ते उण्या आकड्यांत दाखवतं. उणे ४०-५० म्हणजे अगदी जवळ, उणे ९० म्हणजे जेमतेम. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. घरात भिंतींमुळे हे गणित बिघडतं, पण आकडा चढतोय की उतरतोय एवढं कळलं तरी पुरे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, घड्याळ फोनला जोडलेलं असेल तर ते सहसा 'मी इथे आहे' अशी ब्लूटूथ हाक देणं थांबवतं आणि स्कॅनरच्या यादीत येत नाही. ज्या फोनला जोडलंय त्याचं ब्लूटूथ बंद करून दुसऱ्या फोनने शोधायचं. दुसरी, माणसाच्या शरीरातलं पाणी हे सिग्नल शोषतं. फोन छातीशी धरून जागच्या जागी हळूहळू गोल फिरायचं. आकडा सगळ्यात खाली पडतो तेव्हा घड्याळ पाठीमागे असतं. अशी दिशा धरत गेलो आणि घड्याळ सापडलं धान्याच्या पिंपामागे.

रंकाळ्याच्या फेरीच्या दिवशी आण्णांचं घड्याळ हरवलं, ती गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्यात सगळ्यात उपयोगी पडलेली पद्धत आहे. आण्णा सकाळी फेरी मारून घरी आले आणि हात मोकळा. पट्ट्याने खाज येते म्हणून ते मधेच घड्याळ काढतात. त्यांच्या मते ते रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसले तिथेच राहिलं असणार. भाऊ गाडी काढून निघाला, दोन-तीन शेजारी शोधायला गेले. आण्णांच्या घड्याळाचं ॲप नकाशा दाखवतच नाही. त्या घड्याळात स्वतःचं जीपीएस नाही, आणि शेवटची जागा नोंदवून ठेवण्याची सोयही कंपनीने दिलेली नाही. पण ॲपमध्ये एक गोष्ट होती: शेवटचं सिंक, म्हणजे घड्याळातले आकडे फोनमध्ये उतरणं, किती वाजता झालं ती वेळ. ती होती सात वाजून गेल्यावरची. मग त्यांच्या फोनवर गूगल मॅप्सचं टाइमलाइन, म्हणजे फोन कधी कुठे होता याची नोंद, उघडलं. ते आधीपासून सुरू करून ठेवलेलं होतं. त्या वेळी फोन रंकाळ्यावर नव्हताच, गंगावेशीत होता. दूध कट्ट्यावर!

आण्णा फेरीनंतर तिथे धारोष्ण दूध प्यायला थांबतात. पेला धरायच्या आधी हात धुतले, घड्याळ काढून बाजूला ठेवलं, आणि दूध पिऊन निघाले. मी त्यांना घेऊन गेले तर गवळीदादा आम्हाला बघूनच म्हणाले, "आण्णा, तुमचंच हाय न्हवं हे? उद्या याल म्हणून ठेवलंतं." घड्याळ त्यांनी पैशांच्या डब्यात जपून ठेवलं होतं. त्या माणसाचे आभार मानावे तेवढे थोडे.

तेव्हा ज्यांच्याकडे नकाशा न दाखवणारं स्वस्त घड्याळ आहे, त्यांनी आजच फोनवर टाइमलाइन सुरू करून ठेवावं. घड्याळाची शेवटची सिंकवेळ आणि त्या वेळी फोन कुठे होता, या दोन नोंदी जुळवल्या की शोधायची जागा हाती येते. महागड्या घड्याळातही ही रीत कामाची आहे. आयफोनच्या 'हेल्थ' ॲपमध्ये ठोक्यांची शेवटची नोंद किती वाजताची हे दिसतं. घड्याळ मनगटावरून उतरलं की ठोक्यांच्या नोंदी थांबतात. म्हणजे ते मनगटावरून साधारण कधी उतरलं हे 'हेल्थ' सांगतं, आणि फोनपासून कुठे तुटलं हे 'फाइंड माय' सांगतं. या दोन वेळांच्या मधे आपण कुठे कुठे होतो ते आठवायचं.

माझ्या घड्याळाचा नकाशा कसा चालतो, तेही सांगते. ओळखीच्या वायफायवर असेल तर फोन जवळ नसतानाही ते आपली जागा कळवतं. ऑफिसात विसरून आले होते तेव्हा घरबसल्या उद्यमनगरात दिसलं आणि मी निर्धास्त झोपले. वायफाय नसेल आणि फोनही लांब असेल, तर आसपासून जाणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या आयफोनला त्याची ब्लूटूथ हाक ऐकू गेली तरच जागा कळते. त्या माणसाला काही कळत नाही, आणि तो कोण हे आपल्यालाही नाही. संध्याकाळी रंकाळा चौपाटीवर असे फोन पुष्कळ असतात. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एखाद्या वाडीत तासन्‌तास कुणी येणार नाही. सिमवालं मॉडेल घेतलं तर ते मोबाइल नेटवर्कवरून स्वतःच जागा पाठवतं, पण त्याला जास्त किंमत आणि महिन्याचा प्लॅन लागतो. सॅमसंगच्या गॅलॅक्सी घड्याळांना त्यांचं स्वतःचं शोधायचं ॲप आहे, आणि वेअर ओएस या गूगलच्या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर चालणारी घड्याळं गूगलच्या 'फाइंड हब' या शोधायच्या ॲपमध्ये दिसतात. २०२५ पर्यंत त्याचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस' होतं, जुनं नाव शोधून गोंधळू नका.

हे झालं हरवल्याचं. चोरीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे नकाशापेक्षा कुलूप जास्त कामाचं. माझ्या मैत्रिणीचं ॲपल वॉच नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीत मनगटावरून गेलं. अंबाबाईच्या दर्शनाची रांग, रेटारेटी, आणि पट्टा कधी सुटला कळलंच नाही. शेवटची जागा महाद्वार रोडवरच दाखवत होतं. तिने लगेच 'हरवलं' अशी खूण केली. त्याने घड्याळाला कुलूप लागतं आणि पडद्यावर आपला नंबर व निरोप दिसतो. काही दिवसांनी एकदाच ठिपका मध्यवर्ती बसस्थानकाजवळ उमटला, तो तिने पोलिसांना कळवला. नंतर काही नाही. घड्याळ मिळालं नाही. पण 'फाइंड माय' चालू असल्यामुळे ॲक्टिव्हेशन लॉक होतं. ही सोय २०१५ मध्ये वॉचओएस २ या ॲपल वॉचच्या सॉफ्टवेअरसोबत आली. घड्याळ पुसून टाकलं तरी मूळ मालकाचा पासवर्ड दिल्याशिवाय ते दुसऱ्या फोनला जोडता येत नाही. म्हणून चोरी झाल्यावर हताश होऊन ते घड्याळ आपल्या खात्यातून काढून टाकू नका. काढलंत की कुलूपही उघडतं.

पुढची गोष्ट लक्षपूर्वक वाचा. काही दिवसांनी तिला एसएमएस आला: तुमचं घड्याळ सापडलंय, जागा बघायला इथे लॉगइन करा. दिसायला हुबेहूब कंपनीचा. सापडल्याच्या आनंदात माणूस पासवर्ड टाकून मोकळा होतो आणि चोराला हवं असतं तेच. तिने मला विचारलं म्हणून वाचली. जागा पाहायची ती नेहमी आपल्या ॲपमध्येच, एसएमएसमधल्या लिंकवर कधीच नाही.

ठिपका एखाद्या घरावर दिसला तरी स्वतः दार वाजवू नका. आपल्या पेठांत घराला घर लागून आहे. नकाशावरच्या वर्तुळात चार-पाच घरं सहज येतात, आणि भलत्याच माणसावर आळ जातो. ती माहिती पोलिसांना द्या. चोरी असेल तर 'गहाळ' असा अर्ज देऊन थांबू नका, तक्रार चोरीचीच नोंदवा. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, आणि ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. सोबत बिल आणि सिरियल नंबर हवा. तो घड्याळ हातात असतानाच फोनमधल्या वॉच ॲपमध्ये बघून लिहून ठेवा. फोन चोरीला गेल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, देऊन तो बंद करवता येतो. बिनसिमच्या घड्याळाला आयएमईआयच नसतो, त्यामुळे तो रस्ता इथे नाही.

आण्णांच्या घड्याळाला असं कुलूपच नाही. कुणीही रिसेट करून आपल्या फोनला जोडू शकतो. माझी या घड्याळाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच. शेवटची जागा नोंदवायला आणि रिसेटला पासवर्ड मागायला वेगळं यंत्र लागत नाही, फक्त सॉफ्टवेअर लागतं. ते कंपनीने द्यायला हवं होतं. बॅटरी, पडदा, पट्टा यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्या किमतीत ते चांगलं आहे. घराबाहेर फारसं न जाणाऱ्या माणसाला मी ते आजही सुचवेन. रोज एसटीने किंवा केएमटीच्या सिटी बसने गर्दीतून जाणाऱ्याला नाही. त्याने कुलूप असलेलं घ्यावं, जुनं मॉडेल चालेल, आणि मनगटावरून काढताच पासकोड मागण्याची सोय चालू ठेवावी.

जुनं घ्यायचं झालं तर दुकानातच, पैसे देण्याआधी, ते आपल्या फोनला जोडून बघायचं. आधीच्या मालकाचं खातं मागितलं तर उठून यायचं, मग किंमत कितीही कमी असो. आणि आपण विकत असू तर घेणाऱ्यासमोर आपल्या फोनच्या वॉच ॲपमधून 'अनपेअर' करायचं, म्हणजे जोडणी तोडायची. त्यानेच कुलूप निघतं, नुसतं घड्याळ पुसून निघत नाही.