एम-टूचा फीडबॅक कसा घ्यायचा: कॉलेजचा फॉर्म, गुगल फॉर्म की चिठ्ठ्या?

आमच्या डिपार्टमेंटला या सेमला एक नवीन मॅडम आल्यात, आल्या आल्या त्यांना एम-टू (इंजिनिअरिंगचं मॅथ्स-टू) मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात विचारत होत्या, सर पोरांचा फीडबॅक नक्की घ्यायचा कसा. मी सगळे प्रकार करून बसलोय, म्हणून लिहितोय.

कॉलेजचा फॉर्म तुमच्या हातात नाहीच, नॅकच्या, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीला लागतो म्हणून सेम संपता संपता तो निघणारच. पण सबमिशनच्या गडबडीत पोरं सगळ्या विषयांना पाच-पाच ठोकून मोकळी होतात, आणि एखाद्याने मनापासून लिहिलं तरी तोवर ती बॅच हातातून गेलेली असते. मला एका वर्षी ४.३ पडले, मी खूश, आणि त्याच बॅचमधल्या बऱ्याच जणांनी पेपरात डबल इंटिग्रलच्या प्रश्नाला हातसुद्धा लावला नव्हता. हे माझं एकट्याचं रडगाणं नाही बरं का. अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत कॅल्क्युलसला कुठला मास्तर मिळणार हे पोरं ठरवत नाहीत, वाटून दिले जातात, त्यावर कॅरेल आणि वेस्ट यांचा २०१० चा पेपर आहे. त्यात निघालं की त्या कोर्सात चांगले मार्क मिळवून देणाऱ्यांना रेटिंग भरघोस, आणि ज्यांची पोरं पुढच्या कोर्सांत चमकतात त्यांना उलट कमी! तेव्हा तो आकडा फाईलला लावा आणि विसरा.

गुगल फॉर्म सेमच्या मध्यावर टाकता येतो हा मोठा फायदा, तीन-चार डिव्हिजन असतील तर मोजणी आपोआप होते. फक्त ईमेल घेण्याचं सेटिंग आठवणीने बंद करा, टर्म वर्कचे मार्क आपल्या हातात आहेत हे पोरांना पक्कं माहीत असतं. आणि ‘शिकवणं कसं वाटलं’ असलं काही विचारू नका, ‘मस्त सर’ एवढंच येतं. कुठलं गणित स्वतःहून सुटत नाही ते विचारा. तरी ग्रुपवर लिंक टाकून निम्मी पोरं भरतात, ती पण बहुतेक पुढच्या बाकावरची.

चिठ्ठ्या माझ्या आवडीच्या. लेक्चरची शेवटची पाच मिनिटं, अर्धा कागद, नाव नाही, प्रश्न एकच: आज कुठे अडलं? हार्वर्डमध्ये स्टॅटिस्टिक्स शिकवणारे फ्रेडरिक मोस्टेलरही वर्गाला साधारण हेच विचारायचे. एकदा चेंज ऑफ ऑर्डरवर (डबल इंटिग्रलमध्ये इंटिग्रेशनचा क्रम बदलणं) मी सलग तीन लेक्चर लिमिट्स घोटून घेत होतो, मग चिठ्ठ्या घेतल्या तर कुणी लिहिलेलं ‘स्ट्रिप उभी का आडवी’, कुणी ‘आकृतीच येत नाही’, आणि एकाने वाय स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए एक्सचा पॅराबोला वर तोंड करून काढलेला (तो उजवीकडे उघडतो), खाली प्रश्नचिन्ह. म्हणजे अडलं होतं अकरावीच्या कोनिक्सला, पॅराबोलासारख्या कर्व्हना, इंटिग्रेशन बिचारं उगाच बदनाम. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं नुसते कर्व्ह काढून घेतले. हे कुठल्याही फॉर्ममधून मला कळलं नसतं.

कटकट आहेच, साठ-पासष्ट चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी वाचाव्या लागतात, अक्षर ओळखू येतं म्हणून काही पोरं हात आखडता घेतात, आणि तुम्ही पुढच्या तासाला ‘हे वाचलं, म्हणून आज हे करतोय’ असं बोलला नाहीत तर तिसऱ्या वेळी कोरे कागद येतात.

वर्ग खरंच चिडलेला असेल तर मात्र आपण बाहेर जायचं आणि दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कुणाला तरी वीस मिनिटं पोरांशी बोलायला सांगायचं, पण माणूस विश्वासातला हवा, नाहीतर सगळं स्टाफरूमभर होतं.

मॅडमना मी सांगितलं, तुमची एकच डिव्हिजन आहे, दर युनिटला एकदा चिठ्ठ्या घ्या. जास्त असत्या तर फॉर्म सगळीकडे आणि चिठ्ठ्या एका डिव्हिजनला असं केलं असतं. फक्त युनिट टेस्टचे पेपर वाटले त्या दिवशी घेऊ नका, मी घेतल्या होत्या, निम्म्यांवर ‘सर दोन मार्क वाढवा’ एवढंच होतं.