८०० कॅलरीचा डाएट: काही महिन्यांनंतर काय वाटतंय

वजन उतरतं का, तर उतरतं, आणि धडाधड उतरतं. सकाळ-दुपार शेक, रात्री पाकिटातलं सूप, सगळं मिळून दिवसाला साधारण ८०० कॅलरी. पहिल्या आठवड्यातला आकडा बघून मात्र फार उड्या मारू नका, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेच्या) एका ग्रॅमने जवळपास ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, ग्लायकोजेन संपलं की तेही निघून जातं. शिवाय चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते काट्यावर कुठे दिसतंय.

भुकेचं म्हणाल तर सुरुवातीला जीव जातो, मग सवय होते. पण डोक्यातलं खाणं काही जाईना, रात्री झोपायच्या आधी रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायचे (करायचं काहीच नाही, नुसतं बघायचं). १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला ३६ तरुणांना मुद्दाम अर्धपोटी ठेवून प्रयोग केला होता, तिथली पोरंही म्हणे पाकक्रियेची पुस्तकं वाचत बसायची. आणि त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत होत्या, म्हणजे माझ्या जवळजवळ दुप्पट!

बद्धकोष्ठता, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, बाकीचे हाफ शर्टात आणि मी स्वेटरमध्ये, पाळीचा तर सगळाच घोळ. हे सगळं डाएट चालू असतानाच होतं त्यामुळे कारण लगेच कळतं. खरी गंमत नंतर येते. डाएट संपून नॉर्मल जेवायला लागले आणि मग बाथरूमच्या जाळीवर रोज केसांचा गुंता. असा झटका बसला की बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळतात, तोपर्यंत आपण शाम्पू बदलून मोकळे. बहुतेकांचे परत येतात, माझेही येतायत हळूहळू.

पण जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं तेव्हा घाबरले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "हल्ली पटकन वजन कमी केलंय का?" सोनोग्राफीत पित्ताशयात गाळ निघाला. जेवणात फॅट जवळपास नसलं की पित्ताशय नीट रिकामं होत नाही, पित्त साचून राहतं, त्यात झपाट्याने चरबी वितळत असली की पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, आणि मग खडे. पाकिटावर याबद्दल एक ओळ नाही, फक्त बारीक अक्षरात "वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे".

आता उगाच सगळं वाईटच म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' (DiRECT) नावाच्या वैद्यकीय चाचणीत टाइप २ डायबेटिसवाल्यांना काही महिने ८२५ ते ८५३ कॅलरीवर ठेवलं होतं, वर्षाच्या शेवटी त्यातल्या ४६ टक्के लोकांचा डायबेटिस रेमिशनमध्ये होता, म्हणजे डायबेटिसच्या गोळ्यांशिवायही शुगर डायबेटिसच्या पातळीखाली होती. पण तिथे शुगर-बीपीच्या गोळ्या सुरुवातीलाच बंद केल्या होत्या, नंतर जेवण टप्प्याटप्प्याने सुरू केलं, सतत कोणीतरी लक्ष ठेवून होतं. इन्सुलिन चालू असताना घरच्या घरी हे कराल तर शुगर धाडकन खाली येईल. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर नादीच लागू नये.

माझ्याकडून पाचपैकी दोन स्टार, तेही वजन खरंच उतरलं म्हणून. त्यातलं थोडं परत आलंय, आणि पुढच्या महिन्यात परत सोनोग्राफी आहे.