शाळेच्या लॅपटॉपवर एक्स११ ठेवावं की वेलँड?

जिल्हा परिषद शाळेच्या डिजिटल वर्गासाठी लिनक्सचा लॅपटॉप लावताना लॉगिनच्या पडद्यावरचं दातेरी चाक बरेचदा दोन सेशन दाखवतं: एक्स११ आणि वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवण्याची जुनी आणि नवी पद्धत. मेनू तोच, फाँट तेच. फरक आहे तो ओपनजीएलने (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणाऱ्या इंटरफेसने) काढलेलं चित्र खिडकीत कसं पोचतं यात. ओपनजीएलला खिडकी ठाऊकच नसते. एक्सशी (म्हणजे एक्स११शी) त्याची गाठ जीएलएक्स नावाचा दुवा घालून देतो, वेलँडशी ईजीएल.

एक्समध्ये डीआरआय३ या सोयीमुळे बफर (मेमरीतलं तयार चित्र) कॉपी न होता सर्व्हरकडे (पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) जातो. सर्व्हर तो कंपोझिटरकडे सरकवतो आणि कंपोझिटर सगळ्या खिडक्या एकत्र करून पुन्हा सर्व्हरच्याच हाती देतो. वेलँडमध्ये कंपोझिटर हाच सर्व्हर, म्हणून हा हेलपाटा वाचतो. पण चौथ्या पिढीच्या आय३वर टायपिंग आणि ब्राउझरपुरता फरक मला तरी जाणवत नाही. एवढ्यासाठी बदल करू नये.

खरी कटकट प्रोजेक्टर जोडला की सुरू होते. लॅपटॉप १३६६×७६८चा, प्रोजेक्टर १०२४×७६८चा, आणि गुरुजींना दोन्हीकडे सारखंच चित्र हवं. एक्समध्ये हे एक्सरँडर या कमांडच्या 'स्केल-फ्रॉम' पर्यायाने जमतं, पण चित्र ताणलं की तयार बफर थेट पडद्यावर फ्लिप करता (कॉपी न करता दाखवता) येत नाही. सर्व्हर कॉपीवर येतो, आणि कॉपीची वेळ एकाच पडद्याच्या ठोक्यावर (चित्र ताजं होण्याच्या क्षणावर) धरली जाते. दोन्ही पडदे नावाला ६० हर्ट्झचे, ठोका मात्र जुळत नाही. मग कवितेच्या व्हिडिओत पात्राच्या मानेवरून आडवी चीर सरकत राहते, तीही नेमकी पोरं बघतात त्या भिंतीवर. त्यात लाइन गेली-आली की प्रोजेक्टर नव्याने ओळखला जातो आणि स्केलचं सेटिंग बहुतेक वेळा उडून जातं. पुन्हा टर्मिनल उघडा, राजेहो!

यावर 'टिअरफ्री' हा चीर थांबवणारा ड्रायव्हरचा पर्याय सुचवतात. इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये आणि एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये ते चालतं. मात्र आता इंटेलवर बहुतेक ठिकाणी मोडसेटिंग हा सर्वसाधारण ड्रायव्हर असतो, आणि एक्सऑर्ग (एक्सचा सर्व्हर) २१.१च्या मूळ मोडसेटिंगमध्ये ही सोय नाही. एक्सच्या सेटिंगच्या फाइलीत ओळ लिहिली तरी एरर येत नाही. लॉगमध्ये 'टिअरफ्री वापरलं नाही' एवढीच सूचना पडते, आणि लॉग कोण उघडून बघतं?

वेलँडवर कंपोझिटर प्रत्येक पडद्याचा ठोका वेगळा सांभाळतो. गनोम या डेस्कटॉपमध्ये ही सोय ३.३८पासून, म्हणजे २०२०पासून आहे. मिररसाठी गनोमला दोन्ही पडद्यांना चालेल असं एकच रिझोल्यूशन लागतं, त्यामुळे लॅपटॉपच्या कडांना काळ्या पट्ट्या दिसू शकतात. ते चालवून घ्यावं. चीर मात्र दिसत नाही, आणि माझा काटा तिथेच झुकला.

एक्सच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. जीटी ७१०सारखं जुनं एनव्हिडिया कार्ड ४७० ड्रायव्हरवरच अडकलेलं असतं. वेलँडच्या कंपोझिटरना लागणारं जीबीएम (चित्राचे बफर पुरवणारी सोय) एनव्हिडियाने ४९५ ड्रायव्हरपासून दिलं, त्यामुळे अशा मशीनवर एक्सच बरं. दुसरं म्हणजे, अमरावती-नागपुरातून रिमोटने दुरुस्ती करणारा माणूस एक्सवर थेट पडदा बघू शकतो. वेलँडवर बहुतेक रिमोट साधनांसाठी शाळेतल्या कुणीतरी आधी परवानगीचं बटण दाबावं लागतं. शाळा सुटली असेल तर काम उद्यावर.

दोन्हींपैकी कशालाही नावं ठेवण्याआधी टर्मिनलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' चालवून रेंडररची (चित्र कोण काढतंय त्याची) ओळ वाचा. तिथे 'एलएलव्हीएमपाइप' असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. पंखा ओरडेल, व्हिडिओ अडखळेल, मग सेशन कुठलंही असो. बहुतेकदा इन्स्टॉल करताना घातलेलं 'नोमोडसेट' (ग्राफिक्सचा ड्रायव्हर बंद ठेवणारा पर्याय) ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलीत तसंच राहिलेलं असतं. ते काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा, मशीन रीस्टार्ट करा आणि मगच दोन्ही सेशन प्रोजेक्टर जोडून पाहा.