शुगरची चप्पल: तळ मऊ, पण पट्ट्याचं काय?

मेडिकलमध्ये मधुमेह्यांसाठी ‘शुगरची चप्पल’ म्हणून मिळते ती बहुधा एमसीआर रबराची, म्हणजे बारीक बारीक छिद्रं असलेल्या मऊ रबराची. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी हे रबर आपल्याकडे आधीपासून वापरात आहे. चवड्याखालचा दाब ते छान पसरवतं, त्यामुळे नुसत्या बधिर पायाला ही चप्पल उत्तमच. पण सत्तरीतल्या माणसाच्या पायाला रक्तही कमी पोचत असेल, तर दुकानदार अंगठ्याने तळ दाबून ‘बघा किती मऊ’ म्हणतो, तेवढ्यावर भागत नाही. अशा पायाला जखम बहुतेक वेळा कडेला होते: करंगळीच्या बाजूला, बोटांच्या टोकांना, टाचेच्या मागे. तिथे घासतो तो पट्टा, आणि साधं खरचटलेलंसुद्धा महिनोन्‌महिने भरत नाही.

म्हणून आधी पट्टे बघा. आतून मऊ अस्तर हवं, कडा दुमडलेल्या हव्यात, शिवण किंवा रिबीट आत टोचता कामा नये. अंगठ्याची चप्पल नकोच. मागचा पट्टा हवा. तो नसला की चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि त्यांची टोकं घासतात. वेल्क्रो पुढे आणि घोट्याजवळ दोन्हीकडे असावं, कारण संध्याकाळी पाय सुजतो. चप्पल घ्यायलाही संध्याकाळीच जा.

मापाची खात्री कागदावर होते. उभं राहून दोन्ही पायांची रेघ काढा, कागद कापून चप्पलेत ठेवा. कड दुमडली की चप्पल अरुंद. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. बाहेरचा सोल टणक असावा, चप्पल मधोमध दुमडली तर परत द्या. सोल खिळ्यांनी ठोकलेला असेल तर हातही लावू नका.

पहिल्या दिवशी अर्धा तासच घाला, मग पाय नीट बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर पट्टा सैल करा, तरी राहिला तर चप्पल बदला. चवड्याखाली खड्डा पडून रबर परत फुगेनासं झालं, की वरून नवी दिसली तरी ती संपली. चामडी पट्टा पावसात भिजला की वाळताना कडक होतो. जून ते सप्टेंबर रेक्झिनचा बरा.

घरात वेगळा जोड ठेवा, अनवाणी फिरणं बंद.

चालताना पोटऱ्या भरून येतात म्हणून चप्पल बदलत बसण्यात अर्थ नाही, तो दोष रक्तवाहिन्यांचा. जखम नसेल तर डॉक्टरांना विचारून चाला: दुखायला लागलं की थांबा, उतरलं की पुन्हा. चप्पल घेण्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडणारी एबीआय तपासणी करून घ्या. गुणोत्तर 0.9 च्या खाली म्हणजे रक्तपुरवठा कमी. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की आकडा 1.4 च्या वर जाऊन फसवतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा. रात्री पडल्या पडल्या पाय ठणकत असेल किंवा बोट काळं पडत असेल, तर दुकानात न जाता थेट रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा.