लंडन–बेलफास्ट–डब्लिन सहल: वाशीच्या सहल कंपनीचा आमचा अनुभव

वाशीला सेक्टर १७ मध्ये ऑफिस असलेल्या एका छोट्या सहल कंपनीबरोबर आम्ही दोघं लंडन, बेलफास्ट, डेरी, डब्लिन असं नऊ दिवसांत फिरून आलो. पाचपैकी चार तारे देते.

व्हिसाचं काम त्यांनी फार छान केलं. आधी नेरूळच्या एका एजंटने ब्रिटन आणि आयर्लंडच्या वेगवेगळ्या व्हिसांचे पैसे सांगितले होते. वाशीच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, भारतीयांसाठी दोन्ही सरकारांची एकत्र योजना आहे. ब्रिटनच्या व्हिसावर बीआयव्हीएस, म्हणजे त्या योजनेची आद्याक्षरं, लिहून आलं की त्यावरच आयर्लंड होतं, फक्त आधी ब्रिटनमध्ये उतरायचं." तसंच झालं. हॉटेलं स्वच्छ, जेवण ठीक.

मी एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, आणि माझं माहेर बेळगावचं. सीमाप्रश्न पेटला की एसटी सीमेच्या अलीकडेच थांबायची आणि आई फाटकात उभी राहायची. बेलफास्ट ही ब्रिटनकडे असलेल्या उत्तर आयर्लंडची राजधानी, आणि तो प्रदेश ब्रिटनचा की आयर्लंडचा, हा तिथला सीमाप्रश्न. त्यामुळे ही सहल मी बेलफास्टसाठीच निवडली होती.

तिथला स्थानिक गाइड साठीचा होता. त्याने कुपर वेच्या भिंतीपाशी नेलं. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याला लागेल एवढी उंच. एका बाजूला कॅथलिक वस्ती, बहुतेकांना हा प्रदेश आयर्लंडला जोडायचा; दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट, बहुतेकांना तो ब्रिटनकडेच ठेवायचा. मधली काही फाटकं अजूनही रात्री बंद होतात. सुमारे साडेतीन हजार माणसं गेली १९९८ पर्यंतच्या तीस वर्षांच्या हिंसाचारात. मला भिंतीला हात लावून उभं राहवेना.

गाइडने सगळं नीट उलगडून सांगितलं. १९७४ साली दोन्ही समाजांचं एकत्र सरकार आलं आणि पाच महिन्यांत संपामुळे पडलं. पुढे १९८५ च्या करारात लंडनने डब्लिनला उत्तर आयर्लंडच्या कारभाराबद्दल मत मांडायचा हक्क दिला. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराच्या वेळी आयर्लंडने तर राज्यघटनेतला उत्तरेवरचा दावाच सोडला, सार्वमत घेऊन. आणि ब्रिटनने मान्य केलं की तिथल्या बहुमताला हवं असेल तर तो प्रदेश आयर्लंडला मिळेल. दोघांनीही हातचं काही सोडलं, हे मला फार मोठं वाटतं. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सरकारचे दोन प्रमुख, यांचे अधिकार सारखेच, एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. २०१७ मध्ये असंच सरकार पडलं, तीन वर्षं बंद राहिलं. २०२० च्या जानेवारीत ब्रिटन आणि आयर्लंडच्या सरकारांनी मिळून तडजोडीचा मसुदा पुढे ठेवला, तेव्हा ते पुन्हा उभं राहिलं. घरातली भांडणं शेजारच्या दोन वडीलधाऱ्यांनी एकमताने मिटवावीत, तसं.

एक तारा कापला तो इथेच. ज्या स्टॉरमाँटमध्ये हे सरकार बसतं, तिथे कंपनीने फक्त वीस मिनिटं दिली. लांबलचक सरळ रस्ता, टेकडीवर पांढरी इमारत, फोटो, चला बसमध्ये. त्याच दिवशी खरेदीला मात्र तीन तास! आमच्यातल्या चौघींनी टूर मॅनेजरला विनंतीही केली, पण वेळापत्रक हलेना. वाशीला परत आल्यावर मी ताईंना लेखी कळवलं आहे की स्टॉरमाँटला अर्धा दिवस द्या आणि बेलफास्टचा गाइड हाच ठेवा.

बेलफास्ट ते डब्लिन बसने दोनेक तास लागतात. न्यूरी मागे पडल्यावर मी चौकीची वाट बघत पासपोर्ट हातात धरून बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, सीमा मागेच गेली. पूर्वी इथे सैनिक गाड्या थांबवायचे. आता रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी झाली आणि वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर झाल्या, एवढंच. मी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, आणि मला आईची आठवण आली.

जाणार असाल तर या टप्प्यासाठी डावीकडची खिडकी मागून घ्या, पाट्या त्याच बाजूला आहेत.