स्प्रिंगफॉर्म, सुट्या तळाचा टिन की साधा डबा?

सोलापुरात नवी पेठेत केकचं सामान घ्यायला गेलं की हल्ली कडीचा तो काळा टिन समोर येतोच. हाच स्प्रिंगफॉर्म, तळ वेगळा आणि भोवतीचं कडं कडीनं आवळायचं. पहिला ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, घेतलेल्या बायका मला हमखास विचारतात, घेऊ का? मी आधी एवढंच विचारते, तुम्ही करणार काय आहात?

वाढदिवसाचा स्पंज, रव्याचा केक किंवा मावा केक करायचा असेल तर साधा ॲल्युमिनियमचा डबा पुरे. हे केक उलटे केले तरी मोडत नाहीत. तळाला बटर पेपर लावा, कडेला तूप-मैदा फिरवा, की झालं. शिवाय स्पंजचं मिश्रण पातळ असतं. बिनअंड्याचं तर आणखी सैल, आणि स्प्रिंगफॉर्मच्या तळाच्या फटीतून ते हळूहळू गळतं. साध्या डब्याला फटच नाही. तो भाजतोही सारखा, कारण ॲल्युमिनियम उष्णता पटकन पसरवतं.

सुट्या तळाचा टिन मी टार्टसाठीच, म्हणजे खुसखुशीत पारीत सारण भरून केलेल्या उघड्या पायसाठीच, वापरते. तळ खालून वर ढकलला की टार्ट अलगद बाहेर येतो. चीजकेकच्या भिंती मात्र मऊ असतात, वर ढकलताना त्या कडेला घासून फाटतात.

स्प्रिंगफॉर्मचा खरा उपयोग इथेच आहे. कडी उघडली की कडं स्वतःच बाहेरच्या बाजूला सरकतं, केकला हलवावं लागत नाही. चक्क्याचा भाजलेला चीजकेक, मूस (फेटलेल्या क्रीमचा हलका, गार गोड पदार्थ), न भाजता फ्रिजमध्ये थरावर थर लावून केलेले केक, म्हणजे जे उलटे करताच येत नाहीत, ते करणार असाल तर हा टिन घ्याच. चीजकेकच्या तळाशी बेस म्हणून लोणी घातलेला बिस्किटांचा चुरा दाबून बसवतात, त्यात मी भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट घालते. आपल्याकडच्या दाण्याला चवच तशी आहे. पण अशा बेसमधलं लोणी भाजताना फटीतून झिरपतं आणि खालच्या रॉडवर पडून धूर करतं. म्हणून टिनाच्या तळाला बाहेरून फॉइल लपेटा. पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवणार असाल तर रुंद फॉइलचे दोन थर द्या आणि जोड पाण्याच्या वर राहील असं बघा. मला त्यापेक्षा खालच्या जाळीवर पाण्याचा वेगळा ट्रे ठेवणं सोपं वाटतं.

चीजकेक मधोमध किंचित थरथरत असतानाच ओव्हन बंद करा. बाहेर काढल्यावर पातळ सुरी कडेनं फिरवा. गार होताना केक आकसतो, आणि कड चिकटलेली राहिली तर मधोमध भेग पडते. कडी मात्र गरम असताना उघडू नका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मगच. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो. तेव्हा पाहुणे पानावर बसल्यावरच कडी उघडावी, नाहीतर मूस बघता बघता बसतो.

मापाचं आधी ठरवा. सात इंची टिनाचं मिश्रण नऊ इंचीत ओतलं तर ते सुमारे १.६५ पट जागेत पसरतं, म्हणजे केक पातळ होतो आणि लवकर सुकतो. छोट्या ओटीजीसाठी सात इंची बरा. ओव्हन आतून मोजताना बाहेर आलेली कडीही मापात धरा आणि चहूबाजूंनी इंचभर जागा सोडा, हवा फिरायला हवी. काळ्या टिनात कडा लवकर करपतात, त्यामुळे तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवा. नॉनस्टिक तळावर सुरीनं केक कापू नका. तळाची उभी कड खाली येईल असा तो उलटा बसवला तर केक ताटात सरकवणं सोपं जातं.

दुकानात कडी चार-पाच वेळा उघडून-लावून पाहा. सैल वाटली किंवा तळ खाचेत नीट बसला नाही तर तो टिन ठेवून द्या. जमलं तर पाणी ओतून बघा. दोन-चार थेंब पाझरले तर चालतं, धार लागली तर नको. घरी धुतल्यावर कडीच्या सांध्यात पाणी राहतं आणि तिथूनच गंज धरतो. मी धुतल्यावर टिन बंद केलेल्या पण अजून कोमट असलेल्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवते.