फुटबॉल पंचांचे प्रशिक्षण: एका हंगामानंतरचा अनुभव

फुटबॉल पंचांचा प्रशिक्षण वर्ग पूर्ण करून आणि त्यानंतर एका ज्येष्ठ पंचांच्या हाताखाली कोल्हापुरात पूर्ण हंगाम काढून झाल्यावर हा अनुभव लिहीत आहे. वर्ग संपल्यासंपल्या लिहिले असते तर मी भरभरून कौतुकच केले असते, आणि ते अपुरे ठरले असते. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. खेळ जवळचा होता, पण शिट्टी हाती घेण्याची ही पहिलीच वेळ होती. वर्गाने मला नियम दिले. ते नियम नेमके कुठे उभे राहून, कशाकडे पाहत लावायचे हे मात्र मला सरांकडून मिळाले.

खेळाचे नियम एकूण १७ असले, तरी वर्गाचा बहुतेक वेळ अकराव्या आणि बाराव्या नियमावर, म्हणजे ऑफसाईड (सहकारी चेंडू मारतो तेव्हा चेंडूच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असून मग खेळात भाग घेणे) आणि फाऊल यांवर दिला गेला, आणि ते योग्यच होते. प्रशिक्षक एखाद्या टॅकलची चित्रफीत दाखवून थांबवत, प्रत्येकाला आपला निर्णय कागदावर लिहायला लावत आणि मगच चर्चा सुरू करत. केवळ निष्काळजीपणा असेल तर फ्री किक पुरे, समोरच्याला होणाऱ्या धोक्याची पर्वा केलेली नसेल तर पिवळे कार्ड, आणि अतिरेकी ताकद वापरून त्याची सुरक्षितता धोक्यात आणली असेल तर लाल कार्ड, ही पायरी त्या कागदांमुळे पक्की झाली. बचावपटूने चेंडू जाणूनबुजून खेळला की तो त्याला नुसता लागून गेला, यावर ऑफसाईडचा निर्णय अनेकदा फिरतो. २०२२ साली याबाबत जे स्पष्टीकरण आले, त्यातील कसोट्या, म्हणजे चेंडू लांबून येत होता का, बचावपटूला तो नीट दिसत होता का, शरीर सावरायला त्याला वेळ मिळाला का, या एकेका चित्रफितीवर लावून दाखवल्या गेल्या. गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा अधिक काळ हातात ठेवल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर देण्याचा २०२५ पासूनचा नियमही, शेवटची पाच सेकंदे हात उंचावून बोटांनी कशी मोजून दाखवायची त्यासह, नीट समजावला गेला.

उणिवा दोन जाणवल्या. अभ्याससाहित्य जवळजवळ सगळे इंग्रजीत होते, त्यामुळे खेळ उत्तम जाणणारी, पण मराठी माध्यमात शिकलेली मुले लेखी परीक्षेच्या धास्तीने चर्चेत गप्प बसली, आणि हे मला फार खटकले. दुसरे म्हणजे मैदानावरचा सराव फारच थोडा झाला. फ्री किकच्या वेळी बचावपटूंची भिंत चेंडूपासून ९.१५ मीटरवर उभी करणे हे फळ्यावर एका ओळीचे काम आहे. प्रत्यक्षात पाच खेळाडू इंचाइंचाने पुढे सरकत असतात आणि त्याच वेळी फ्री किक घेणारा चेंडू हलवत असतो.

त्यानंतरची शिकवणी सामन्यांतून झाली. सुरुवातीला शालेय आणि कुमार गटाच्या सामन्यांत मला सहायक पंच म्हणून उभे केले जाई. सर कॉर्नरच्या झेंड्यामागे, मैदानाबाहेर थांबत. शेवटून दुसरा बचावपटू किंवा चेंडू, यांपैकी जे गोलरेषेच्या अधिक जवळ असेल त्याच्या रेषेत राहायचे, छाती मैदानाकडे ठेवून कडेकडेने पाय टाकायचे, निशाण पंचाला सतत दिसेल असे धरायचे आणि हात बदलायचा तो कमरेच्या खालीच, या गोष्टी त्यांनी इतक्या वेळा करून घेतल्या की आता त्या आठवाव्या लागत नाहीत. सर्वांत अवघड होते ते थांबणे. आघाडीचा खेळाडू ऑफसाईडच्या जागी आहे हे दिसताच हात वर जाऊ पाहतो. पण चेंडूपर्यंत पोहोचणारा दुसराच, मागून धावत आलेला खेळाडू असेल, तर निशाणाने एक चांगली चाल मारली जाते. “आधी चित्र पूर्ण होऊ दे,” एवढेच सर म्हणत.

मुख्य पंच म्हणून उभी राहू लागल्यावर त्यांचा भर जागेवर आला. दोन खेळाडूंच्या पाठीमागून धावण्यापेक्षा थोडे बाजूला सरकून त्या दोघांमधली फट दिसली पाहिजे, हे त्यांचे मुख्य सूत्र. सोळा वर्षांखालील मुलांच्या एका सामन्यात पुढे निघालेल्या खेळाडूला मागून जर्सी धरून खेचले गेले आणि बाहेरून ‘लाल, लाल’ असा ओरडा सुरू झाला. मी पिवळे कार्ड दाखवले. सामना संपल्यावर सरांनी स्वतःचे मत आधी सांगितले नाही. “तुला काय दिसलं ते सांग,” म्हणाले. स्पष्ट गोलसंधी हिरावली गेली असती तरच लाल कार्ड द्यायचे होते. ती ठरवणारे गोलपासूनचे अंतर, चालीची दिशा, चेंडूवर ताबा राहण्याची शक्यता आणि बचावपटूंची जागा व संख्या, हे चारही मुद्दे मी मांडले: चेंडू कोपऱ्याच्या दिशेला चालला होता आणि आतून दुसरा बचावपटू धावत येत होता. त्यांनी वहीत टिपलेले दोन्ही खेळाडूंच्या जागांचे रेखाटन माझ्यापुढे धरले आणि मी कुठे होते तिथे फुली मारायला सांगितली. निर्णय बरोबर होता. पण तिथून आणखी चार पावले डावीकडे असते तर धरलेला हातही स्वच्छ दिसला असता, असे त्यांनी दाखवले. अशी उलटतपासणी सामना ताजा असतानाच व्हायला हवी. दुसऱ्या दिवशी आठवणीत आपल्याला सोयीचे तेवढेच उरते.

मार्गदर्शक कोण मिळतो यावर मात्र फार काही अवलंबून आहे. ‘शेवटचा बचावपटू म्हणजे लाल कार्ड’ असे ठामपणे सांगणारे अनुभवी पंच मला भेटले. नियमात असे वाक्य नाही. पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न करताना फाऊल झाला आणि स्पष्ट गोलसंधी हुकली, तर पेनल्टी आणि पिवळे कार्ड, हा २०१६ चा बदलही काहींच्या गावी नव्हता. अनुभवाला वाचनाची जोड नसेल तर नवा माणूस जुनी चूक मन लावून शिकतो.

कोल्हापुरात या शिक्षणाला एक वेगळी बाजू आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या संघांच्या मागे अख्ख्या तालमी आणि पेठा उभ्या असतात, आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी पंचाच्या प्रत्येक शिट्टीवर बोलते. सरांनी मला अशा सामन्यांना प्रेक्षक म्हणून नेले, अट एकच: चेंडूकडे पाहायचे नाही, पंचाकडे पाहायचे. कॉर्नरपूर्वी तो कोणाशी बोलतो, वाद वाढू लागला की कर्णधाराला कधी बोलावतो, साधी शिट्टी आणि कडक शिट्टी यांत किती फरक ठेवतो, हे त्या गॅलरीतून जितके कळले तितके कोणत्याही चित्रफितीतून कळले नव्हते.

पंचांना द्याव्या लागणाऱ्या धावण्याच्या चाचणीची तयारी प्रत्येकाने स्वतःच करावी. ७५ मीटर धावणे आणि २५ मीटर चालणे हा क्रम आठवड्यातून दोनदा केला तरी फरक दिसतो. मुलींनी तर या वाटेला नक्की यावे. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमधील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या, हे मी माझ्या विद्यार्थिनींना आवर्जून सांगते.

वर्गाला नाव घालण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी विचारून घ्या: वर्गानंतर सामने मिळणार का, आणि त्या सामन्यांना पाहायला कोणी येणार का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर आपल्या भागातील एखाद्या अभ्यासू पंचांना स्वतः जाऊन भेटा आणि त्यांच्या पुढच्या सामन्याला सोबत येऊ का, असे विचारा. मला तरी अशा विनंतीला नकार देणारे कोणी भेटलेले नाही.